मडक्यात गोठवलेला चंद्र

वर्ध्याच्या उन्हाळ्यात माणसं दोनच प्रकारची असतात, असं रूपराव ढोले म्हणायचे. बर्फ मागणारी आणि बर्फ करणारी. वर्ध्यालगतच्या नालवाडीपुरते तरी दुसऱ्या प्रकारात ते एकटेच होते, आणि ही गोष्ट त्यांनी कोणाला कधी विसरू दिली नाही.

मूळचे ते रोहणा गावचे. चौथीपर्यंतची शाळा, मग ढोरं, मग भावांच्या वाटणीत आलेला शेताचा चिमूटभर तुकडा, आणि मग वर्धा. भैय्याजींच्या बर्फाच्या कारखान्यात ते हमाल म्हणून लागले आणि पाच वर्षांत मिस्त्री झाले. कारखाना म्हणजे टिनाचं एक लांबट शेड. त्यात जमिनीच्या आत मिठाच्या थंडगार पाण्याचा हौद, त्यावर लाकडी झाकणं, आणि प्रत्येक झाकणाखाली गोड्या पाण्याने भरलेला उंच पत्र्याचा डबा. दिवसरात्र डबा त्या हौदात बुडून राहिला, की आत लादी तयार. लादीवर बोटाने टकटक करून रूपराव सांगत, ही अजून पोटातून कच्ची आहे, हिला दोन तास द्या. हॉटेलवाला घाई करू लागला की त्यांचं डोकं फिरायचं. कोणी लादी घेऊन उन्हात हातगाडी उभी केली आणि चहा प्यायला गेला, तर त्याची मग खैर नसे. "लेकराले असं उन्हात सोडून जाते का कोणी?" असं ते रस्त्यावर उभं राहून ओरडायचे, आणि तो बिचारा अर्धा चहा टाकून धावत यायचा.

अशा या तिरसट माणसाकडे होळी झाली की रोज दुपारी चार वाजता एक पाहुणा यायचा. पुंडलिक गुरुजी. तीस वर्षं शाळेत विज्ञान आणि भूगोल शिकवून निवृत्त झालेले, हौदाच्या बाजूच्या बोळात बाकड्यावर येऊन बसायचे, कारण सगळ्या नालवाडीत त्याहून थंड जागा नव्हती. बर्फाच्या यंत्रातल्या अमोनियाचा वास डोळ्यांत झोंबायचा, पण गुरुजींना तो कळतच नसे. बगलेतला पेपर काढून ते मोठ्याने वाचत, रूपराव डबे ओढता ओढता ऐकत, आणि प्रत्येक बातमीवर आपलं मत देत. पावसाळा लागला तरी गुरुजींचं येणं थांबेना. "घरी पंखा नाई का?" असं त्यांच्या बायकोने, सुलोचनाबाईंनी विचारलं, तर म्हणाले, पंखा आहे, पण पंखा वाद घालत नाही.

एकोणऐंशीच्या जुलैत सगळं गाव मान वर करून हिंडत होतं. स्कायलॅब पडणार होती. अमेरिकेची ती आकाशातली प्रयोगशाळा नेमकी कोणाच्या घरावर पडेल याचा नेम नव्हता, आणि रूपरावांच्या घरी त्यांच्या बायकोने, रुख्माबाईंनी, चार दिवस अंगणात खाट टाकू दिली नव्हती. स्कायलॅब पडली कुठे तर लांब ऑस्ट्रेलियाकडे. ती बातमी वाचून झाल्यावर गुरुजींनी पान उलटलं आणि म्हणाले, "हे पाहा, खरी बातमी इथं हाय. इकडे लोक वरून काय पडते पाहून राह्यले, अन् तिकडे अमेरिकेचंच एक यान गुरू ग्रहापाशी पोचलं."

फोटो काळपट छापलेला होता. गुरूचा एक चंद्र, युरोपा नावाचा. गोल, गुळगुळीत, आणि त्यावर चहूकडे रेघाच रेघा, जणू कोणी तांबड्या दोऱ्याचा गुंता त्यावर टाकून दिला होता.

"सगळा बर्फ हाय म्हणते," गुरुजी म्हणाले. "वरून खालपर्यंत."

रूपरावांनी हात पुसले. पेपर घेतला. उजेडात नेला. पुन्हा आत आणला. आणि म्हणाले, "गुरुजी, ही तं तडकलेली लादी हाय."

"म्हणजे?"

"म्हणजे काय जी. लादी हौदातून काढली अन् साध्या पाण्यात घातली, की अशीच तडकते. मले काय नवं सांगता? पण एक सांगतो, हा वरून खालपर्यंत बर्फ नाई. याच्या पोटात पाणी हाय."

गुरुजी हसले. तिथे उणे दीडशे अंशांची थंडी, पाणी कुठून राहणार? रूपरावांनी त्यांना हाताला धरून हौदापाशी नेलं आणि एक झाकण उचललं. डब्यात कडेने बर्फ झाला होता आणि मधोमध पाणी होतं. त्या पाण्यात वरून सोडलेल्या नळीतून हवेचे बुडबुडे येत होते. "बर्फ बाहेरून आत जाते. पोट शेवटी गोठते. अन् ही नळी चालू हाय तवालोक ते पाणी हालते. हाललेलं पाणी लवकर गोठत नाई, गुरुजी. मार्चात तुमीच वाचलं होतं, त्या गुरूचा दुसरा एक चंद्र हाय, त्याले गुरू कणकीसारखा तिंबते, म्हणून तो आतून तापला. मंग याले काऊन सोडलं असन त्यानं? यालेही हालवतच असन."

गुरुजी त्या डब्यावर वाकले. मग हळूच म्हणाले, "रूपराव, तुमचं मले पटून राह्यलं."

त्या दिवशी रूपराव घरी गेले ते सायकलवर गाणं म्हणत. चौथी पास माणसाचं म्हणणं गुरुजींना पटलं, हे त्यांनी रुख्माबाईंना तीनदा सांगितलं. त्याच आठवड्यात दोघांत एक करार झाला. यानाचे अजून तीन मुक्काम बाकी होते. ऐंशी-एक्याऐंशीत शनी, शहाऐंशीत युरेनस, एकोणनव्वदीत नेपच्यून. गुरुजींनी बोटांवर हिशोब केला, नेपच्यूनच्या वेळी आपण चौऱ्याहत्तर वर्षांचे असू. "एकही चंद्र एकट्यानं पाहायचा नाई," ते म्हणाले. "सगळे सोबत. याच बाकड्यावर."

रूपराव म्हणाले, "मंजूर."

पुढच्या जानेवारीत, थंडीसाठी कारखाना बंद व्हायच्या आधी, शहरातल्या एका शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं आणि गुरुजींचं भाषण होतं, गुरूचे चंद्र या विषयावर. गुरुजींनी रूपरावांना सांगितलं, एक चंद्र करून आणा. रूपरावांनी दोन दिवस दुसरं काही केलं नाही. एक गोल मडकं आणलं. मिठाचं पाणी मातीतून आत झिरपू नये म्हणून त्याला बाहेरून डांबर फासलं. गोडं पाणी भरून हौदात सोडलं, आणि पोट कच्चं आहे तोवरच बाहेर काढून हळूहळू मडकं फोडलं. आतला बर्फाचा गोळा एक क्षण साध्या पाण्यात बुडवला, तसा तो तडतड करत तडकला. मग पानठेल्यावरून आणलेला कात पाण्यात कालवून त्यांनी एकेका भेगेत बोटाने भरला. तांबूस रेघा उमटल्या. रुख्माबाई पाहून म्हणाल्या, एवढा शृंगार तर लग्नात माझाही झाला नव्हता.

प्रदर्शनात त्या चंद्राभोवती गर्दी झाली. नागपूरहून आलेले एक प्राध्यापक होते, तेही थांबले. रूपरावांनी सळईने गोळ्याला भोक पाडलं आणि पाण्याची धार बाहेर आली. पोरं ओरडली. "तिथंही असंच असन," रूपराव म्हणाले. "खाली पाणी."

प्राध्यापक हसले. वाईट हसले असं नाही, पण मोठ्याने हसले. "अहो, हे पाणी गोठायचं राहिलं, एवढंच. अजून एक दिवस ठेवला असता तर गोळा घट्ट झाला असता. त्या चंद्राला तर कोट्यवधी वर्षं मिळाली आहेत. तुम्ही किती शिकलात?"

रूपरावांनी गुरुजींकडे पाहिलं. हवेची नळी, तिंबलेली कणीक, हाललेलं पाणी, सगळं गुरुजींना ठाऊक होतं. शुद्ध भाषेत चार वाक्यांत ते सांगू शकले असते. गुरुजींनी प्राध्यापकांकडे पाहिलं, मुख्याध्यापकांकडे पाहिलं, आणि तेही हसले. म्हणाले, "बर्फवाले आहेत हो ते. त्यांना जिकडेतिकडे लादीच दिसते."

सगळे हसले. रूपरावांनी गोळा तरटात गुंडाळला, सायकलच्या मागे बांधला आणि निघाले. वाटेत त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. नालवाडीला पोचले तेव्हा तरटात मुठीएवढा बर्फ उरला होता आणि कातामुळे त्यांच्या पायजम्यावर तांबडे डाग पडले होते. ते डाग काही शेवटपर्यंत निघाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी चार वाजता गुरुजी आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. रूपरावांनी बाकडं उचलून भिंतीला उभं केलं.

अशी सहा वर्षं गेली. माणसं जवळ राहतात, एकाच दुकानातून साखर घेतात, एकाच डॉक्टरकडे जातात, आणि तरी सहा वर्षं बोलत नाहीत, हे ज्याने पाहिलं नाही त्याला खोटं वाटेल. शनीचे चंद्र आले आणि गेले. एक पांढराशुभ्र, एक अर्धा काळा अर्धा पांढरा, एकावर एवढं मोठं भगदाड की कोणी अंगठा खुपसला असावा. रूपरावांनी ते फोटो कापून ट्रंकेत ठेवले. कोणाला दाखवणार?

एक गोष्ट मात्र त्यांनी सोडली नाही. भांडणाआधी उन्हाळ्यात रोज संध्याकाळी घरी जाताना ते गुरुजींच्या दारात शेरभर बर्फ ठेवून जात. भुशात घोळवलेला, फडक्यात बांधलेला. भांडणानंतरही ते ठेवतच राहिले. पायरीवर पुडकं ठेवायचं, सायकलची घंटी एकदा वाजवायची आणि निघून जायचं. रुख्माबाईंनी विचारलं, "बोलत नाई तं बर्फ काऊन देता?"

"भांडण गुरुजीशी हाय," रूपराव म्हणाले. "उन्हाशी थोडंच हाय?"

शहाऐंशीचा जानेवारी संपत आला होता. थंडीत बर्फ कोण घेतो? संक्रांतीपासून दीड महिना कारखाना बंद असायचा, आणि रूपराव यंत्र उघडून त्याचा एकेक नट साफ करत बसायचे. अशात एका सकाळी अकराच्या सुमारास सुलोचनाबाई फाटकातून आत आल्या. हातात स्टीलचा डबा होता.

"रूपरावजी, थोडासा बर्फ पायजे होता."

"बाई, लोक शेकोटी करून राह्यले, अन् तुमाले बर्फ काऊन पायजे?"

सुलोचनाबाईंनी इकडेतिकडे पाहिलं, भिंतीचं बाकडं स्वतःच खाली घेतलं आणि त्यावर बसल्या. गुरुजींच्या डोळ्यांत काचबिंदू झाला होता. तीन वर्षं झाली. उजवा डोळा पूर्ण गेला, डाव्याला मधला रुपयाएवढा तुकडा दिसायचा, आता तोही मिटत चालला होता. डोळा ठणकायला लागला की गुरुजी फडक्यात बर्फ घेऊन वर धरतात. "उन्हाळ्यात तुमचा बर्फ येते, तवा बरं वाटते त्याईले. तुमची घंटी वाजली का म्हणते, आले बरं."

रूपरावांच्या हातात पाना होता. तो त्यांनी खाली ठेवला. सहा वर्षं त्यांना वाटत होतं, गुरुजी तो बर्फ पाण्यात टाकून पितात.

"अन् हे पाहा," बाईंनी पदराच्या गाठीतून कागद काढला. युरेनसपाशी यान पोचलं होतं. पेपरात एका चंद्राचा फोटो आला होता, मिरांडा नावाचा. दोन-चार दिवसांतच अमेरिकेचं दुसरं यान आकाशात फुटून सात जीव गेले आणि पेपर त्याच बातमीने भरले, त्यामुळे या चंद्राच्या वाट्याला फोटो आला तो हा एकच. "नाकाले लावून पाह्यला त्याईनं. काळं दिसते म्हणते निस्तं. मले म्हणते, कसा हाय सांग. म्या म्हटलं, दगडासारखा हाय. तं चिडले. काल जेवले नाई. म्हणते, सात वर्ष वाट पाह्यली याची, अन् आता डोळे नाई. अन् मंग म्हणाले," बाई थांबल्या, "म्हणाले, रूपरावनं बरोबर सांगतलं असतं."

रूपरावांनी कागद घेतला आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला. मग एवढंच म्हणाले, "गुरुवारी बर्फ आणून देतो. घरीच."

यंत्र साफ झालं की एक दिवस ते चालवून पाहायचं असतं. ही चाचणी फेब्रुवारीच्या शेवटी व्हायची. रूपरावांनी तीन दिवसांत नट-बोल्ट आवळले आणि भैय्याजींना सांगितलं, यंत्र तयार आहे, चालवून पाहतो. भैय्याजी म्हणाले, एवढी घाई काय पडली? रूपराव म्हणाले, मले पडली. तीस वर्षं कारखान्यात काढलेल्या मिस्त्रीला याहून जास्त विचारायची भैय्याजींची पद्धत नव्हती.

फोटोतला चंद्र विचित्र होता. एकसंध नव्हताच. कुठे नांगरलेल्या वावरासारखे पट्टे, कुठे खडबडीत माळ, कुठे सरळ तुटलेला कडा. पेपरात खाली काय लिहिलं होतं ते रूपरावांनी अक्षर लावून लावून वाचलं, जोडाक्षरांपाशी अडखळत, दोनदा, तीनदा. मग त्यांनी मडकं आणलं. या वेळी त्यात निव्वळ पाणी भरलं नाही. आधी दोन लाद्या केल्या, एक काचेसारखी, एक दुधासारखी. त्या फोडल्या. पन्हाळीच्या पत्र्यावर पाणी गोठवून पट्ट्यापट्ट्यांचे तुकडे केले. फोटो समोर ठेवून एकेक तुकडा जागच्या जागी बसवला, मधल्या फटींत गार पाणी ओतलं आणि मडकं पुन्हा हौदात सोडलं. बर्फाला बर्फ दाबून धरला की तो जडतो, हे त्यांना शिकवायला कोणी प्राध्यापक लागला नव्हता.

गुरुवारी दुपारी गुरुजी अंगणात उन्हात खाटेवर बसले होते. वाळले होते. घंटी वाजली तशी त्यांनी मान वळवली.

"आज दुपारीच?" ते म्हणाले. "अन् थंडीत?"

रूपरावांनी गुरुजींच्या मांडीवर तरट पसरलं आणि त्यावर चंद्र ठेवला. मग गुरुजींचे दोन्ही हात धरून त्यावर टेकवले.

गुरुजी दचकले. मग त्यांची बोटं चालायला लागली. "हे काय? पट्टे हायेत."

"हो जी. वावरात पेरणीची तिफन फिरवल्यासारखे. इथं त्याईचा कोपरा होते, पाहा, असा. हो, तोच."

"अन् हे? हे एकदम खाली गेलं."

"कडा हाय थो. कित्येक कोस खोल. एवढासा चंद्र, आपल्या वर्ध्यापासून मुंबईलोकही पुरत नाई, अन् त्याच्यावर एवढा कडा."

"असा कसा झाला हा?"

"पेपरवाले म्हणून राह्यले, कवातरी तुकडे तुकडे झाले असन याचे. मंग तेच तुकडे पुन्हा जवळ आले. जसे जमले तसे जमले." रूपराव थांबले. "नक्की कोणाले ठाऊक नाई."

गुरुजींचा अंगठा एका सांध्यावरून हळूहळू पुढे गेला, मागे आला. "सांधे लागतात हाताले."

"सांधे तं राह्यतेच जी."

पाणी गुरुजींच्या मनगटावरून ओघळून धोतरात जिरत होतं. बोटं लाल झाली होती, पण ते हात उचलेनात. मग त्यांनी सुलोचनाबाईंना हाक मारली आणि आपलं जुनं पाकीट मागवलं. त्यातून घडीवर फाटलेला एक कागद काढला आणि रूपरावांच्या दिशेने धरला. "वाचा."

"इंग्रजी हाय, गुरुजी."

"मंग मी सांगतो. पाठ हाय मले." आणि डोळे मिटून, वर्गात सांगायचे तसे, गुरुजी सांगू लागले. युरोपाच्या बर्फाखाली पाण्याचा समुद्र असू शकतो, असं काही शास्त्रज्ञांना वाटतं. गुरूच्या ओढीने तो चंद्र सतत आतून तिंबला जातो, त्यामुळे ते पाणी गोठत नसावं. "प्रदर्शन झालं, त्याच्या दुसऱ्याच वर्षी वाचलं म्या हे. पाकिटात ठेवलं. तुमाले दाखवाले तीनदा फाटकापर्यंत आलतो. पाय आत जाये ना. रूपराव, त्या दिवशी मले उत्तर येत होतं. म्या नाई दिलं. त्या शिकलेल्या माणसासमोर मले तुमची लाज वाटली. तीस वर्ष पोराईले सांगतलं, खरं बोला. अन् मी हसलो."

रूपराव खाटेच्या दोरीशी चाळा करत होते. "एकदा म्या पाह्यलं होतं तुमाले," ते म्हणाले. "फाटकापाशी. तुमी परत वळले. म्या हाक मारली नाई. मारली असती तं आले असते तुमी."

दोघेही रडले. म्हातारी माणसं रडतात तसे, आवाज न करता, आणि मग सुलोचनाबाईंनी चहा आणला तेव्हा दोघांनीही साखर कमी असल्याची तक्रार केली.

त्या उन्हाळ्यापासून चार वाजता बाकड्यावर पुन्हा पाहुणा आला. रूपराव त्यांना सायकलवर बसवून आणायचे. फरक एवढाच, की आता पेपर रूपराव वाचायचे. वाचायचे म्हणजे झुंजायचे. जोडाक्षर आलं की गुरुजी आंधळ्या डोळ्यांनी हवेत बोट फिरवून ते फोडून दाखवत, आणि "पुन्हा वाचा" म्हणत. चुकलं की ओरडत. आणि शनीचा मुक्काम सोबत पाहायचा राहून गेला होता, म्हणून रूपरावांनी ट्रंकेतले फोटो काढले. मे महिनाभर दर शनिवारी गुरुजींच्या हातात एकेक चंद्र आला. अंगठ्याच्या भगदाडाचा आला, अर्ध्या भागावर कोळशाची पूड चोळलेला आला. ज्या दिवशी गिरडच्या उरुसाला बर्फाची गाडी भरायची घाई होती, त्या दिवशीही हौदाच्या एका कोपऱ्यात मडकं होतंच.

एकोणनव्वदीच्या ऑगस्टात यान नेपच्यूनपाशी पोचलं. शेवटचा मुक्काम. गुरुजी चौऱ्याहत्तर वर्षांचे होते, हिशोब बरोबर निघाला होता, फक्त डोळ्यांपुढे आता रुपयाएवढाही उजेड नव्हता. दिवाळीआधी शाळेचे नवे मुख्याध्यापक महादेवराव घरी आले. तीच शाळा, तोच हॉल. गुरुजी, या चंद्रांवर बोला. गुरुजी म्हणाले, येतो, पण रूपराव मंचावर माझ्या शेजारी बसतील. रूपरावांनी साफ नकार दिला. दोन दिवस वाद झाला. रुख्माबाईंनी धुतलेला सदरा आणून खाटेवर टाकला, तेव्हा कुठे वाद संपला.

हॉल भरला होता. टेबलावर ट्रायटन होता, नेपच्यूनचा चंद्र. मडक्याच्या आतून तरट लावून गोठवलेला, म्हणून अंगावर खरबुजाच्या सालीसारखी जाळी. गुरुजी त्यावर हात फिरवत बोलत होते. त्याच्या अंगावर काळे फराटे दिसले आहेत, आतून काहीतरी उसळून बाहेर येत असावं, इतक्या थंडीतही. बोलणं संपलं. मागच्या रांगेतून एक मुलगी उठली.

"सर, त्या युरोपाच्या बर्फाखाली खरंच पाणी आहे का?"

रूपरावांनी मान खाली घातली. त्यांना तो जानेवारी आठवला, सगळा.

गुरुजी उभेच होते. "दहा वर्षांपूर्वी याच हॉलमध्ये हा प्रश्न निघाला होता," ते शांतपणे म्हणाले. "या माणसाने त्याचं बरोबर कारण शोधलं होतं. मला ते ठाऊक होतं. चार शिकलेली माणसं हसली म्हणून मीही हसलो. त्यानंतर मी पुष्कळ वाचलं, आणि आता वाचू शकत नाही. पण हा प्रश्न माझा नाही. बर्फातलं ज्यांना कळतं, त्यांना विचार." आणि हाताने चाचपत खुर्ची शोधून ते बसले.

रूपराव उठले. दोन्ही हातांनी त्यांनी टेबलाची कड धरली. "पोरी," ते म्हणाले, "खात्री कोणालेच नाई. अजून तिथं कोणी भोक पाडून पाह्यलं नाई. पण पस्तीस वर्ष म्या लाद्या काढल्या. बर्फ बाहेरून आत जाते. पोट शेवटी गोठते. अन् पोटातल्या पाण्याले कोणी हालवत राह्यलं, तं ते गोठत नाई. मले वाटते, पाणी हाय."

कोणी हसलं नाही. मुलगी खाली बसून वहीत लिहू लागली. पेन्सिलीची कुरकुर गुरुजींच्या कानावर गेली असावी, कारण त्यांनी त्या आवाजाकडे तोंड वळवलं.

"नाव पण लिही, बाळ," ते म्हणाले. "रूपराव ढोले. बर्फवाले."